बाटली नको, डिझेलची खात्री द्या

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील पेट्रोलपंप चालक-मालक आणि तेल कंपन्यांचे विक्री अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मोहोळ तालुक्यातला, सीनाकाठचा शेतकरी. साडेनऊ एकर रान आणि वडिलांनी १९८४ साली घेतलेला एचएमटी ३५११ ट्रॅक्टर, एवढा आमचा संसार. तीन सिलिंडर, ३५ एचपी. झेटर या चेकोस्लोव्हाकियातल्या कंपनीचं तंत्र घेऊन एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळे ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना जाऊन काही विचारावं, ही सोय आम्हाला राहिली नाही. सुट्टे भाग मिळतात, जाणते मिस्त्री अजून आहेत, इंजिन ठणठणीत आहे. नव्या ट्रॅक्टरचा हप्ता माझ्या रानाला झेपत नाही, आणि जुना सोडून द्यावा असं त्याने काही केलेलंही नाही. माझ्यासारखे जुने ट्रॅक्टर जपणारे लोक या जिल्ह्याच्या प्रत्येक गावात आहेत. आमचा रोजचा संबंध येतो तो तुमच्याशी, म्हणून डिझेलमधल्या पाण्याबद्दल आणि डिझेलमध्ये टाकायच्या औषधांच्या बाटल्यांबद्दल हे पत्र तुम्हाला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता, पाऊस उघडला होता आणि रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला होता. आमच्या काळ्या रानाचा वाफसा म्हणजे चार-पाच दिवसांचा पाहुणा. त्यातच पाळी घालायची, त्यातच मालदांडी ज्वारी पेरायची. आदल्या संध्याकाळी मी एका पंपावरून ४० लिटरचा कॅन भरून आणला आणि रात्रीच टाकीत ओतला. सकाळी सेल्फ मारल्याबरोबर ट्रॅक्टर सुरू झाला. बांधापासून दोनशे फूट गेला नसेल, गचके खायला लागला, पांढरा धूर टाकला आणि बंद पडला. परत सेल्फ मारला, परत बंद.

फीड पंपाखालची काचेची वाटी सोडवली. वर पिवळसर डिझेल आणि खाली, तळाशी, स्वच्छ पाण्याचा एक गोळा. वाटी कलती केली की तो गोळा पाऱ्यासारखा एका अंगाला जाऊन बसायचा, डिझेलमध्ये मिसळायचा नाही. वाटी धुतली, टाकीखालचा बूच काढून दीड-दोन लिटर खाली सोडलं, फिल्टर काढून झटकले, एअर काढली. दुपारपर्यंत हाच उद्योग. ट्रॅक्टर लागला, पण तीनपैकी एक सिलिंडर काम करेना. संध्याकाळी मिस्त्री आले. ट्रॅक्टरचा डिझेल पंप खोलून त्यांनी एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि बॅरलची जोडी, हातात घेतलं आणि म्हणाले, "मालक, ह्याला तुम्ही डिझेल नाय, पाणी पाजलंय."

प्लंजरवर, म्हणजे डिझेल दाबून पुढे ढकलणाऱ्या दांड्यावर, तांबूस उभ्या रेघा पडल्या होत्या. प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून काय ते समजावं. त्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नसतं, असतं ते फक्त डिझेल. माझ्यासारख्या इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर) खालच्या कॅमला इंजिन ऑईल मिळतं, पण वर प्लंजरला डिझेलचाच आधार. रोटरी पंपवाल्यांचं तर आतलं सगळंच डिझेलवर चालतं. तिथे पाणी गेलं की धातूवर धातू घासतो, आणि एक रात्र थांबलं तर गंज धरतो.

तीन एलिमेंट, इंजिनात डिझेल फवारणारी दोन नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन, मजुरी. साडेअकरा हजार गेले. पैशापेक्षा जिवाला लागलं ते वाफसा गेल्याचं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत रान तडकलं होतं. पेरणी अकरा दिवस मागे पडली आणि त्या साली ज्वारीचं कणीस भरलंच नाही.

मी त्या पंपावर गेलो. मॅनेजर म्हणाले, तुमचाच कॅन ओला असेल. मी पावती दाखवली, पण पाणी पंपाच्या टाकीतून आलं हे सिद्ध करायला माझ्या हातात काही नव्हतं. मग त्यांनी काउंटरवरून एक बाटली काढली. "हे टाकत जा, पाणी जाळून टाकतं." मी ती विकत घेतली. घाबरलेला माणूस विकत घेतो.

पंपाचं नाव मी घालत नाही. भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण त्या बाटलीपाशी मला थांबायचं आहे, कारण अशा बाटल्या आता सगळीकडे दिसतात. पाणी जळत नाही. अशा बऱ्याच औषधांत पाण्याचे बारीक थेंब करून ते डिझेलमध्ये धरून ठेवणारा पदार्थ असतो. एरवी जे पाणी वाटीत खाली बसून आपल्याला दिसलं असतं, ते मग फिल्टरमधून पार होऊन थेट नोझलपर्यंत जातं. नोझलच्या टोकाला तापलेल्या धातूवर त्याची एकदम वाफ होते आणि टोकच खराब होतं. याच्या उलट, पाणी वेगळं करून तळाला बसवणारीही औषधं असतात, तीच आमच्या कामाची. बाटलीवर यातलं कुठलं आहे ते धड लिहिलेलं नसतं, आणि विकणाऱ्या पोरालाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी बाटली 'सिटेन' वाढवायची, म्हणजे डिझेलने इंजिनात पटकन पेट घ्यावा म्हणून. आज पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा सिटेन क्रमांक प्रमाणाप्रमाणे किमान ५१ असतो. माझं इंजिन ज्या काळात आलं त्या काळातल्या डिझेलचा सिटेन यापेक्षा कमी होता आणि इंजिन त्यावर मजेत चालत होतं. तिसरी बाटली थंडीत डिझेल गोठू नये म्हणून. भारतीय मानकात हिवाळी डिझेलचा ओतनांक, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ते वाहतं राहतं तो, जास्तीत जास्त ३ अंश असतो. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटेही पारा इतका खाली जात नाही. लडाखला जाणाऱ्या ट्रकवाल्याने ती घ्यावी. इथल्या शेतकऱ्याला ती देणं म्हणजे पैसे काढून घेणं आहे, असं मी स्पष्टच म्हणतो.

आता वंगणाचा प्रश्न. पारावर सगळ्यात जास्त चर्चा याचीच असते. "नवं डिझेल कोरडं आहे, जुने पंप खातं." यात तथ्य किती ते तुमच्याकडून कधीच कळलं नाही, म्हणून मी कृषी महाविद्यालयात शिकलेल्या भाच्याला बसवून समजून घेतलं. माझ्या लहानपणीच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. ते टप्प्याटप्प्याने कमी झालं. १ एप्रिल २०१० ला देशातल्या १३ शहरांत बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाच्या नियमांचा चौथा टप्पा) इंधन आलं, आणि त्या तेरांत मुंबई-दिल्लीच्या पंक्तीला आपलं सोलापूर शहर होतं. तेव्हा शहरात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) गंधकाचं डिझेल आणि आमच्या खेड्यात ३५० चं, असा प्रकार होता. २०१७ ला बीएस-४ सगळीकडे झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे १० पीपीएम.

गंधक काढताना रिफायनरीत हायड्रोजनची जी प्रक्रिया होते, तिच्यात डिझेलमधले नैसर्गिक वंगणाचे घटकही जातात, हे खरं आहे. पण ते तसंच आमच्या गळ्यात मारलेलं नाही. डिझेल बाहेर पडण्याआधी त्यात वंगण वाढवणारं औषध घातलं जातं. त्याची चाचणीही असते. ६० अंश तापलेल्या डिझेलमध्ये पोलादी गोळी पत्र्यावर ७५ मिनिटं घासतात आणि गोळीवर पडलेला चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आणि रागही आला, की ही एवढी साधी गोष्ट गेल्या इतक्या वर्षांत एकाही पंपावर मराठीत लिहिलेली मी पाहिली नाही. तुम्ही ती लिहिली असती तर लोकांनी भीतीपोटी डिझेलमध्ये नाही ते ओतलं नसतं.

काय काय ओततात, ऐका. कुणी टू-स्ट्रोक ऑईल टाकतो. कुणी जळकं इंजिन ऑईल फडक्यातून गाळून टाकतो, त्यातली राख आणि धातूची भुकटी फडक्यात अडकत नाही, ती नोझलवर जाऊन बसते. आमच्या शेजारच्या गावात एकाने घाण्याचं करडईचं तेल टाकलं, आपल्या भागात ते घरोघरी असतं म्हणून. करडईचं तेल वाळणारं. बाटलीच्या तोंडाशी जो पिवळा चिकट थर धरतो, तो प्रत्येक आयाबाईने पाहिलेला आहे. तसाच थर त्याच्या नोझलच्या सुईवर धरला आणि सुई अडकली. आमच्याही घरी चूक झालेली आहे. रेशनचं रॉकेल स्वस्त होतं तेव्हा वडील ते डिझेलमध्ये मिसळायचे. रॉकेल पातळ, वंगण नाही, पंपाचं आयुष्य त्याने कमी झालं हे आम्हाला फार उशिरा समजलं.

आणि एक तोटा खरोखरच नव्या डिझेलचा आहे, तोही कुणी सांगितला नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपातल्या रबरी रिंगा वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेल्या असतात. डिझेलची घडण बदलली की त्या आकसतात आणि पंप पाझरायला लागतो. २०२० च्या उन्हाळ्यात माझ्या पंपाच्या अंगावर रोज सकाळी तेलाची ओल दिसायची, तिच्यावर धूळ बसून गारा व्हायचा. मी समजत होतो पंप गेला. मिस्त्रींनी व्हायटॉन या टिकाऊ रबराच्या रिंगा घातल्या आणि पाझर बंद झाला. काही रुपयांच्या रिंगा होत्या. एवढं वाक्य तुमच्या पंपावरच्या फलकावर असतं, "जुन्या वाहनांच्या रबरी रिंगा तपासून घ्या," तर किती जणांचा पंप विनाकारण खोलला गेला नसता.

दुसऱ्या बाजूचंही लिहिलं पाहिजे. गंधक कमी झाल्याने सिलिंडरमध्ये आम्ल कमी होतं, लायनर कमी खातं, इंजिन ऑईल जास्त दिवस स्वच्छ राहतं. नव्या डिझेलने माझ्या इंजिनाचं एकूण भलंच केलं आहे. माझी तक्रार डिझेलच्या प्रतीची नाही. तक्रार आहे ती पाण्याची, घाणीची, भेसळीची आणि न सांगण्याची.

पाण्यामुळे आणखी एक गोष्ट होते. टाकीच्या तळाशी पाणी आणि वर डिझेल अशी जिथे सीमा असते, तिथे जंतू वाढतात. फिल्टर उघडला की काळी बुळबुळीत साय हाताला लागते आणि कुजका वास येतो. आपल्या उन्हाच्या जिल्ह्यात हे झपाट्याने होतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा आमच्या काठचे कितीतरी ट्रॅक्टर पाण्यात उभे होते. पाणी उतरल्यावर लोकांनी चिखल धुतला आणि सेल्फ मारला. आधी टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, हे सांगणारा माणूस त्या दिवसांत गावोगाव हवा होता. पंपावर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगणं तुम्हाला जमलं असतं.

आमच्या बाजूने आम्ही काय करायचं ते वडिलांनी शिकवून ठेवलं आहे. ते डिझेलचं साठवणीचं बॅरल आडवं ठेवायचे आणि तोटीच्या अंगाला खाली लाकडी ठोकळा द्यायचे, म्हणजे पाणी मागच्या बाजूला साचतं. डिझेल आणलं की एक रात्र बसू द्यायचं. तळाची चार बोटं कधी काढायची नाहीत. ओतताना बारीक पितळी जाळी. आणि संध्याकाळी रानातून आलं की टाकी भरून ठेवायची, कारण रिकाम्या टाकीच्या आतल्या पत्र्याला पहाटे दव सुटतं. यातलं शेवटचं मी त्या संध्याकाळी केलं, पण रात्रभर बसू द्यायचं केलं नाही. घाई झाली. माझी तेवढी चूक मी मान्य करतो. पण दर वेळी शेतकऱ्यानेच पंपाचं पाणी गाळून घ्यावं, हे काही बरोबर नाही.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं.

पावसाळ्यात रोज सकाळी तुम्ही डिपरॉडला, म्हणजे टाकीत बुडवायच्या मापाच्या दांड्याला, पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकी तपासायची असते. पाणी लागलं की पेस्ट रंग बदलते. ते करा, आणि केल्याची वेळ व निकाल फलकावर खडूने लिहा. ज्या सकाळी पाणी निघेल त्या सकाळी नळी बंद ठेवा. घनतेची चाचणी मागितली की तोंड वाकडं करू नका. जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि १५ अंशाला रूपांतर करायचा तक्ता पंपावर असलाच पाहिजे, आणि टँकरच्या चलनावरच्या (माल पोचवल्याच्या कागदावरच्या) घनतेशी ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक आला तर डिझेलची चौकशी झाली पाहिजे. हा ग्राहकाचा हक्क आहे. पाच लिटरच्या मापाचंही तसंच. मी एकदा मागितलं तेव्हा जारवर धूळ होती आणि थर्मामीटर फुटलेला होता. त्या पोराला तक्ता वाचता येत नव्हता, त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

कॅनमध्ये डिझेल द्यायला काही पंप नकार देतात आणि कायद्याकडे बोट दाखवतात. पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा कमी ज्वालाग्राही अशा ब वर्गात येतं, आणि १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एकेक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर एकूण २,५०० लिटरपर्यंत साठवायला परवाना लागत नाही. चाळीस लिटरसाठी ट्रॅक्टर पंधरा किलोमीटर पळवत आणायला लावू नका. कॅन चांगला आहे का ते जरूर बघा, गळका असेल तर परत पाठवा.

अधिकारी मंडळींना वेगळं सांगायचं आहे. पाकणीच्या डेपोतून आमच्या तालुक्याला डिझेल येतं. तिथून पंपापर्यंत आणि पंपापासून माझ्या कॅनपर्यंत ते जसंच्या तसं येईल, याची जबाबदारी तुमची आहे. हायवेच्या कडेला 'बायोडिझेल' म्हणून जे काही स्वस्तात विकलं जातं, त्यावर महाराष्ट्रात आणि गुजरातेत छापे पडलेले आहेत. खरं बायोडिझेल वाईट नाही. मानकाप्रमाणे डिझेलमध्ये ते ७ टक्क्यांपर्यंत चालतं, आणि थोडंसं असलं तर वंगणाला उलट चांगलंच. पण ते पाणी ओढतं, जुन्या टाकीतला गाळ सोडवतं. आणि रस्त्याच्या कडेला जे मिळतं ते मुळात बायोडिझेल आहे की कारखान्याचं टाकाऊ तेल, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तुमच्या डिझेलमध्ये किती आहे तेवढं तरी फलकावर लिहा.

आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. ऊस आमचाच, त्यामुळे त्याचा आनंद आहे. पण गावात अर्धे लोक धरून चालतात की डिझेलमध्येही इथेनॉल आलं, आणि त्याच्या नावावर परत बाटल्या खपतात. डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) मिसळायचे प्रयोग चालू असल्याचं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितलं. ते आलं तर येऊ द्या. पण येण्याआधी एक वर्ष आम्हाला कळवा, चाळीस वर्षांच्या पंपातल्या रबराचं आणि प्लंजरचं त्याने काय होतं ते तपासून कळवा, मराठीत कळवा, आणि पंपावर कळवा.

बाटल्या विकूच नका असं मी म्हणत नाही. ज्याच्या टाकीत जंतू झाले त्याला औषध लागतंच. ज्याला विकाल त्याला आधी विचारा, ट्रॅक्टरला काय होतंय, वाटीत काय दिसलं. एवढं विचारलं तर दहातल्या आठ जणांना बाटलीऐवजी फिल्टर बदलायला सांगावं लागेल, असा माझा आणि आमच्या मिस्त्रींचा अनुभव आहे.

यंदाही पाऊस उघडला की वाफसा येईल आणि आम्ही सगळे एकाच आठवड्यात तुमच्या दारात उभे राहू. गर्दीच्या दिवशी जार मागितला तर रांग अडते, हे मला समजतं. म्हणून मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, नेहमीच्या पंपावर, गावातले आणखी दोघं-तिघं घेऊन येणार आहे. टँकरचं चलन, धुतलेला जार आणि चालता थर्मामीटर काढून ठेवा. तक्ता कसा वाचायचा ते मला येतं, तुमच्या पोराला मी शिकवीन.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी,
ता. मोहोळ, जि. सोलापूर